सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी किती दिवसांनी बोलावे?

मंडळी, आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काही जणांना वाटले असेल की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचे इथे काय काम? आम्हालाही तसेच वाटले असते. पण आम्ही ज्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहोत, तिथे पुस्तकांची देवघेव संगणकावर न्यायची असे ठरले आणि एका लहानशा कंपनीने त्यासाठी प्रोग्रॅम करून दिला. पहिली आवृत्ती तशी बरी होती. फक्त नावांचा क्रम चुकायचा. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे 'ह'च्या पुढे येतात, हे आपण पहिलीत शिकतो. संगणकाला ते कोणी शिकवले नव्हते. त्यामुळे 'ज्ञानेश्वर' जाऊन बसायचे 'ज'मध्ये आणि 'काळे' यायचे 'काशीकरां'च्या आधी. आम्ही तक्रार केली. उत्तर आले, "पुढच्या व्हर्जनमध्ये होईल." आणि मग अकरा महिने अवाक्षर नाही.

या अकरा महिन्यांत आमच्या ग्रंथपाल बाईंनी काय केले? वहीही ठेवली आणि संगणकही ठेवला. रोजच्या सत्तर-ऐंशी नोंदी, प्रत्येक नोंद दोनदा. वही बंद करावी तर उद्या सगळी यादी नव्याने भरावी लागेल की काय, ही धास्ती. संगणक बंद करावा तर नवी आवृत्ती उद्याच आली म्हणजे? फोन केला की पलीकडून एकच वाक्य, "काम चालू आहे." आणि गंमत बघा, काम खरोखरच चालू होते! ती मंडळी आळशी नव्हती. सगळी माहिती ते नव्या रचनेत बसवत होते आणि ते किचकट काम होते, हे आम्हाला पुढे कळले. म्हणजे बाईंना जो त्रास झाला तो उशिरामुळे झालाच नाही. तो झाला गप्प बसण्यामुळे.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या डोक्यात आहे. काम करणाऱ्याने, ज्याच्यासाठी काम चालले आहे त्याला, किती दिवसांनी खबर द्यावी? संगणकक्षेत्रातल्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारले तर कोणी म्हणाला दर आठवड्याला, कोणी म्हणाला महिन्याला. एक जण म्हणाला, "सर, सांगण्यासारखे काही असेल तेव्हा." हे शेवटचे उत्तर सगळ्यांत शहाणपणाचे वाटते. आमच्या मते ते सगळ्यांत वाईट आहे. का, ते सांगतो. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, सातव्या शतकापर्यंत.

'नाही' हे आपल्याला कसे कळते, यावर आपल्याकडे फार बारकाईने विचार झालेला आहे. टेबलावर घागर नाही. हे 'नसणे' मला डोळ्यांनी दिसले का? नैयायिक म्हणतात की ते प्रत्यक्षातच येते. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, नाही, याला वेगळे प्रमाण मानले पाहिजे. त्याचे नाव अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे. तो वाद आज बाजूला ठेवू. आपल्याला हवी आहे ती त्यांनी घातलेली एक अट. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही, तर ती तिथे नाही असे म्हणता येते का? येत नाही. उजेड असला पाहिजे, डोळे उघडे असले पाहिजेत, आणि घागर असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. अशा न आढळण्याला योग्यानुपलब्धी म्हणतात. असते तर आढळले असते, आणि आढळत नाही, म्हणून नाही. एवढे असेल तरच न आढळणे हे ज्ञान. एरवी तो नुसता अंधार.

आता हे आमच्या कंपनीला लावून बघा. बातमी कधी येणार हे ठरलेलेच नाही. अशा वेळी बातमी न येण्यातून बाईंना काय कळणार? काम थांबले? कंपनी बुडाली? की उद्या येतेय? काहीच कळत नाही. पण "दर महिन्याच्या एक तारखेला कळवू" असे ठरलेले असते आणि एक तारीख कोरडी गेली असती, तर त्या दिवशी बाईंना काहीतरी निश्चित कळले असते. 'सांगण्यासारखे असेल तेव्हा सांगू' म्हणणारा माणूस दिवा मालवून ठेवतो आणि वर म्हणतो, घागर असेल तेव्हा दिसेल!

याचे मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण आम्हाला आमच्या नातवाकडून मिळाले. संगणकावरच्या खेळांचे आहे, पण हसू नका, लाखो लोक पैसे मोजून ते घेतात. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला टीम चेरी नावाची अगदी मोजक्या माणसांची मंडळी आहे. त्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये 'हॉलो नाइट : सिल्कसाँग' हा खेळ जाहीर केला. मग बातम्या विरळ होत गेल्या आणि जवळजवळ थांबल्या. २०२२ मध्ये वर्षभरात येईल असा अंदाज दिला गेला. २०२३ च्या मे महिन्यात, तेवढ्यात होणार नाही, असे सांगितले. पुन्हा शांतता. अखेर ४ सप्टेंबर २०२५ ला खेळ आला. दरम्यान एक चाहता वर्षानुवर्षे रोज एक चित्रफीत काढत होता. तीत सांगायचा काय? "आज बातमी नाही." आम्ही हे ऐकले तेव्हा पोट धरून हसलो. मीमांसकांना हा माणूस फार आवडला असता. जे काम निर्मात्यांनी करायचे ते त्याने अंगावर घेतले. नंतर निर्मात्यांनी सांगितले की काम कधी अडलेच नव्हते. आमच्या वाचनालयासारखेच, बघा.

याच्या उलट प्रागमधले 'फॅक्टोरिओ' या खेळाचे निर्माते. २०१३ पासून ते दर शुक्रवारी एक टिपण लिहीत. काय केले, काय फसले, कोणती कल्पना करून बघून टाकून दिली, सगळे. १४ ऑगस्ट २०२० ला पूर्ण आवृत्ती आली आणि पुढे शुक्रवारची टिपणे थांबली. २०२१ च्या सुरुवातीला त्यांनी एवढेच कळवले की आता मोठा विस्तार करायला घेतला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये शुक्रवार पुन्हा सुरू झाले आणि २१ ऑक्टोबर २०२४ ला विस्तार आला. मधली अडीच वर्षे तेही फारसे बोलले नाहीत. पण नातू म्हणतो की तेव्हा तशी हाकाटी झाली नाही. आमच्या समजुतीने याचे कारण असे की हे मौन सांगून-सवरून धरलेले होते. मौनव्रत घेतलेल्या माणसाला आपण 'काय झालं, बोलत का नाहीस?' असे विचारत नाही.

आता मूळ प्रश्न राहिलाच. किती दिवसांनी? इथे बहुतेक लोक काम करणाऱ्याकडे बघतात. काम किती झाले, लिहायला वेळ किती आहे. आम्ही म्हणतो, ऐकणाऱ्याकडे बघा. त्याला कोणता निर्णय घ्यायचा आहे आणि तो किती दिवसांनी घ्यावा लागतो? अंतर त्यावरून ठरवा.

दोन टोके घेऊ. बँकेची किंवा रेल्वेच्या तिकिटांची यंत्रणा भर दुपारी बंद पडली. इथे माणूस रांगेत उभा आहे. थांबू की घरी जाऊ, हा त्याचा प्रश्न. मिनिटा-मिनिटाचा. म्हणून शहाणे लोक अशा वेळी लिहितात, "अजून दुरुस्त झालेले नाही, पुढची माहिती अर्ध्या तासाने." आणि अर्ध्या तासाने, काहीही बदललेले नसले तरी, तेच पुन्हा लिहितात. आमच्या लहानपणी तालुक्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत एक गृहस्थ बसायचे. गाडीचे विचारले की म्हणायचे, "येईल." हे वाक्य कधीच खोटे ठरत नाही, आणि म्हणूनच निरुपयोगी असते. त्यांच्या जागी दुसरे एक जण आले, ते सांगायचे, "अजून मागच्या स्टँडवरनं सुटलेली नाही. पाच वाजता परत विचारा." गाडी तेवढ्याच उशिरा यायची हो! पण आम्ही मधल्या वेळात चहा पिऊन यायचो.

दुसरे टोक म्हणजे डोनाल्ड कनूथ. गणिताची पुस्तके जुळवण्यासाठी त्यांनी 'टेक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला, जगभरचे गणिती आजही तो वापरतात. त्याच्या आवृत्तीचा क्रमांक दर वेळी 'पाय' या संख्येच्या एक घर जवळ जातो. २०२१ ची आवृत्ती ३.१४१५९२६५३. आता अंतर बघा. चुका तपासून दुरुस्त करायला ते बसले २००८ ला, मग २०१४ ला, मग २०२१ ला, आणि पुढची पाळी त्यांनी जाहीर केली आहे २०२९ ची. सहा वर्षे, सात वर्षे, आठ वर्षे! यावरून कोणी त्यांच्यावर चिडलेले आमच्या पाहण्यात नाही. कारण टेक वापरणाऱ्याला मधल्या काळात काहीच ठरवायचे नसते. त्याचे काम चाललेले आहे, आणि पुढचा दिवा कधी लागणार ते त्याला ठाऊक आहे.

तेव्हा अर्धा तासही बरोबर आणि आठ वर्षेही बरोबर. आमच्या बाईंच्या बाबतीत महिना बरोबर, कारण नवी कोरी वही आणायची की नाही हे त्यांना महिन्याच्या महिन्याला ठरवावे लागते.

एका बाबतीत मात्र हे ठरवाठरवीचे तत्त्व चालत नाही. वापरणाऱ्याची माहिती चोरीला गेली, तर शुक्रवारची वाट बघायची नसते. इथे कायद्यानेच तास मोजले आहेत. युरोपात नियामकाला ७२ तासांत कळवावे लागते, आणि आपल्याकडे सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत. पण हे तास सरकारला कळवण्याचे आहेत. ज्याची माहिती गेली त्या माणसाला कळवण्याचे नव्हेत. सहा तास त्यालाही लावायला काय हरकत होती, असे आम्हाला राहून राहून वाटते. पासवर्ड बदलायचा तो त्याला बदलायचा असतो.

आता दुसरी बाजू. वापरणाऱ्यालाही पथ्य आहे, आणि ते मोडले की काय होते याचा एक धडा अलीकडचाच आहे. 'एक्सझेड' नावाचे फायली दाबून लहान करणारे एक साधन आहे. जगभरच्या लिनक्स यंत्रणांत ते असते. ते सांभाळणारा माणूस एकटा, बिनपगारी, फावल्या वेळात काम करणारा. २०२२ मध्ये काही जणांनी त्याच्यामागे तगादा लावला, काम फार हळू चाललेय, दुसऱ्या कोणाला द्या. त्याने उत्तर दिले की हे हौसेचे काम आहे आणि आपली मनःस्थितीही ठीक नाही. पुढे मदतीला आलेल्या एका गृहस्थाच्या हाती त्याने बरेचसे अधिकार दिले. त्या गृहस्थाने २०२४ च्या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. तगादा लावणारी ती नावेही बनावटच असावीत, असे जाणकार मानतात. २९ मार्च २०२४ ला हे उघडकीस आले, आणि आले कसे तर आन्द्रेस फ्रॉइंट या अभियंत्याला आपले लॉगिन सुमारे अर्ध्या सेकंदाने उशिरा होतेय असे जाणवले म्हणून. अर्धा सेकंद! किती वेळ लागायला हवा हे माहीत होते, म्हणून उशीर दिसला.

तर फुकट काम करणाऱ्याकडे रोज हिशेब मागणे हा अन्याय आहे, आणि वर सांगितल्याप्रमाणे धोकाही आहे. पण त्याच्यावरही एक गोष्ट बंधनकारक आहे असे आम्ही मानतो. "माझ्याकडून वर्षातून एकदाच काय ते कळेल, तेवढ्यावर चालत असेल तर वापरा." एवढे एक वाक्य सुरुवातीलाच लिहून ठेवायला पैसे पडत नाहीत.

खबर द्यायची तर कशाची, हेही सांगितले पाहिजे. आपल्या क्रियापदांकडे बघा. 'झाले', 'चालू आहे', 'होईल'. पहिली दोन ही माहिती आहे. तिसरे बोलणाऱ्याच्या तोंडी अंदाज असते आणि ऐकणाऱ्याच्या कानात शिरताना वचन होते. ऑक्सफर्डच्या ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्डमधल्या व्याख्यानांत दाखवून दिले की काही वाक्ये वर्णन करत नाहीत, ती कृतीच करतात. वचन देणे हे त्यातले ठळक उदाहरण. घोटाळा असा की इथे एक जण वर्णन करतोय आणि दुसऱ्याला वचन मिळतेय. म्हणून आमचा सल्ला, दर खेपेला 'झाले' आणि 'चालू आहे' भरपूर सांगा, आणि 'होईल' जपून वापरा. घरून परगावी गेलेल्या मुलाने पोचल्याचे पत्र टाकायचे, ही आपल्याकडची रीत. "पोचलो, खुशाल आहे" एवढेच त्यात असे. पुढच्या परीक्षेत पहिला येईन, असे त्यात कोणी लिहीत नसे.

वाचनालयाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. आम्ही त्या कंपनीशी करार नव्याने केला. त्यात एकच कलम वाढवले. दर महिन्याच्या एक तारखेला एक पत्र, दोन ओळींचे चालेल, आणि काही झाले नसेल तर 'काही झाले नाही' असे लिहायचे. पहिल्याच पत्रात त्यांनी लिहिले, "या महिन्यात काम झालेले नाही, घरात लग्न होते. पुढचे दोन महिनेही फारसे होणार नाही." कार्यकारिणीतले काही सदस्य भडकले. बाईंनी मात्र ते पत्र दोनदा वाचले, संगणकावर कापड घातले आणि पुढचे तीन महिने फक्त वही चालवली. नोंद एकदाच.

आता 'ज्ञानेश्वर' शेवटी येतात, जिथे यायला हवेत तिथे. 'काळे' अजून 'काशीकरां'च्या आधीच आहेत. पुढचे पत्र एक तारखेला आहे.