वळणावरची रेघ

डिचोलीहून पेडण्यास एका लग्नाला जाताना एका माजी विद्यार्थ्याने आम्हांस आपल्या गाडीत घेतले. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर, त्या सुमारे 2.1 किलोमीटरच्या शर्यतपट्टीवर, तो नुकताच स्वतःची गाडी पळवून आला होता. पैसे भरून दिवसभर असा हौसेचा खेळ करता येतो. अस्नोडा मागे पडले आणि एका उजव्या वळणाआधी त्याने गाडी डाव्या काठाला नेली, मध्यावर उजवा काठ चाटून काढली आणि पुन्हा डावीकडे सोडली. "सर, घाबरू नका, ही रेसिंग लाइन!" आमचे डोळे मिटलेलेच होते.

पुढच्या वळणावर समोरून बस आली. कशीबशी वाट मिळाली. मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

विद्या मात्र खोटी नव्हे. आतल्या काठाची त्रिज्या 20 मीटर असलेले काटकोनी वळण घ्या आणि गाडीला आडवे सरकण्यास 5 मीटर जागा आहे असे धरा. मधोमध गेल्यास वाटेची त्रिज्या साडेबावीस मीटर, बाहेरून आत व पुन्हा बाहेर गेल्यास सुमारे 37. कोरड्या डांबरावर जेथे 48 च्या वेगाने टायर सुटू लागतील, तेथे 61 पर्यंत निभावते. शिवाय टायरची पकड मास्तरांच्या पगारासारखी मोजकीच. ती ब्रेकवर खर्चिली, तर वळण्यास उरत नाही. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावरच दाबायचा, आतला काठ थोडा उशिरा गाठायचा आणि चाक सरळ होऊ लागताच वेग वाढवायचा.

पण शर्यतपट्टीवर सगळे एकाच दिशेने धावतात, आणि चुकलेल्यास बाहेर मोकळी जागा असते. आमच्या डिचोलीत खनिजाचे ट्रक, पेडण्यात मालप्याचा उतार, आणि रस्ता आपला फक्त अर्धा. त्या पाच मीटरांतले निम्मे दुसऱ्याचे! सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "सर, तिथे शिकवणाऱ्यानेही हेच बजावले होते." मग विसरलास कसा, हे आम्ही विचारले नाही, वर्गातही हा प्रश्न निष्फळच ठरतो.

परतताना त्याच वळणाआधी त्याने ब्रेक सरळ रस्त्यावर दाबला, हॉर्न दिला आणि डावी बाजू सोडली नाही. या खेपेस आमचे डोळे उघडे होते.