टन एका पानावर, भाव दुसऱ्या पानावर

मागल्या हंगामाचा हिशेब काढायला बसलं की वही एकाच जागी अडते. टन खोडून पैसे लिहिलेले असतात, नि भाव कोणता धरला ते आठवत नाही. मग हप्ता बरोबर आला की कमी, हे ताडणार कसं?

संगणकावर साध्या मजकुरात हिशेब ठेवणारा ‘लेजर’ हा कार्यक्रम जॉन वीगली यांनी २००३ साली तयार केला. त्यातली रीत आम्हांला पटली. माल मालाच्याच मापात लिहायचा. भावाची ओळ वेगळी: ‘पी’ हे अक्षर, तारीख, मालाचे नाव, दर. भाव बदलला की नवी ओळ. जुनी खोडायची नाही. ज्या तारखेचा अहवाल मागाल, तिच्यापर्यंतचा शेवटचा भाव लागून रक्कम निघते.

१०.२५ टक्के उताऱ्याला एफ. आर. पी. २०२४-२५ च्या हंगामाला टनी ३४०० रुपये, २०२५-२६ ला ३५५०. तोडणी-वाहतूक वजा करण्याआधी शंभर टनांमागे पंधरा हजारांचा फरक! जुना दर खोडला तर तो सापडायचा कशात?

संगणक नसला म्हणून अडत नाही. वजनपावतीवरून टन एका पानावर लिहा, तारखेसह भाव दुसऱ्या पानावर. हप्त्याची चौकशी करायला गट ऑफिसात याल, तेव्हा दोन्ही पाने बरोबर आणा.