उष्णतेची मोरी

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरी झाडलोट सुरू होते. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, पितळी समया चिंचेने घासल्या जातात, पुस्तकांच्या कपाटाला ऊन दाखवले जाते. अलीकडे या यादीत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे माझ्या टेबलाखालची संगणकाची पेटी. तिचे झाकण उघडून, आतली धूळ मऊ ब्रशने झाडण्याचे काम मी स्वतः करतो. मराठीचा प्राध्यापक हाती स्क्रूड्रायव्हर घेऊन जमिनीवर मांडी घालून बसलेला पाहून शेजाऱ्यांना मौज वाटते. परंतु या कामाचे महत्त्व मला ज्या प्रसंगाने पटले, तो मात्र मुळीच मौजेचा नव्हता.

ही गोष्ट २०२४ सालच्या मे महिन्यातली. आम्ही नागपूरकर. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळिशीच्या आसपास घुटमळतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. बैठकीच्या खोलीत कूलर घरघरत असतो; पण त्याचा वारा माझ्या अभ्यासिकेपर्यंत पोचत नाही. अशाच एका दुपारी मी संगणकाच्या जुन्या ड्राइव्हवरील सारा ऐवज नव्या ड्राइव्हवर उतरवून घेत होतो.

ऐवज हा शब्द मी जाणून वापरला आहे. माझ्या आईला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ होत्या. शिक्षण चौथीपर्यंतचे, पण एक ओवी संपण्याच्या आत दुसरी ओठांवर तयार असे. तिच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत ताईने आणि मी मिळून त्या ध्वनिमुद्रित केल्या, काही वेळा चित्रफितीही घेतल्या. आई २०२२ साली गेली. तिचा आवाज, वडिलांच्या पत्रांची छायाचित्रे आणि चिरंजीवांच्या लहानपणाच्या फिती मिळून सहाशे गिगाबाइटचा हा पसारा होता.

सुरुवात झोकात झाली. पहिल्या मिनिटात सेकंदाला दोन हजार मेगाबाइटांच्या वर वेग दिसत होता. मग तो काही शेंवर आला. त्यानंतर मात्र तो पन्नास-साठावर घसरे, पुन्हा उसळी घेई, पुन्हा घसरे. तापाच्या रोग्याच्या तक्त्यासारखी ती रेघ पाहून माझ्या पोटात गोळा आला. ड्राइव्ह शेवटच्या घटका मोजतो आहे, असे मी मनाशी ठरवूनच टाकले आणि चिरंजीवांना हाक मारली. ते अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून सुट्टीसाठी आदल्याच दिवशी घरी आले होते.

त्याने पडद्यावर दोन-तीन खिडक्या उघडल्या आणि एका आकड्यावर बोट ठेवले. ८३ अंश सेल्सिअस!

"बाबा, ड्राइव्ह मरत नाहीये. तो तापलाय," तो म्हणाला.

नखाएवढा कारकून

सॉलिड स्टेट ड्राइव्ह म्हणजे काय, हे त्या दुपारी मी प्रथमच नीट पाहिले. रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८० मिलिमीटर. अंगठ्याएवढी रुंद आणि बोटाएवढी लांब अशी ही पातळ पट्टी. पूर्वीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असे. येथे फिरणारे काहीच नाही. चिपांमध्ये विजेचा अतिसूक्ष्म भार कोंडून ठेवायचा आणि त्यावरून अक्षर, चित्र वा आवाज पुन्हा वाचायचा, अशी ही युक्ती. तिचे मूळ १९६७ साली बेल प्रयोगशाळेत डॉवन कांग व सायमन झी यांनी मांडलेल्या कल्पनेत आहे. पुढे १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी तीतून फ्लॅश स्मृती घडवली.

या पट्टीवर साठवणाऱ्या चिपांच्या जोडीला आणखी एक चिप असते. तिला नियंत्रक म्हणावे. कोणता तुकडा कोठे ठेवला, कोठे चूक झाली, ती कशी दुरुस्त करायची, हे सारे पाहणारा हा कारकूनच. सर्वांत जास्त तापतो तो हाच. आणि तापेल नाही तर काय करील? जुनी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे ते अडीचशे मेगाबाइट वाचून दमत असे. पहिल्या पिढीतले घरगुती सॉलिड स्टेट ड्राइव्ह साडेपाचशेपर्यंत गेले. आजचे चांगले ड्राइव्ह सात हजारांपर्यंत जातात, आणि त्यापुढच्या पिढीतले चौदा हजारांच्या घरात. अशा वेळी ही पट्टी सात-आठ, कधी दहाही वॅट वीज खाते. घरातला एलईडीचा दिवा साधारण एवढीच वीज घेतो. पण दिव्याला पसरायला जागा आहे. येथे त्यातली बरीचशी उष्णता नखाएवढ्या चिपेतून बाहेर पडते.

बहुतेक घरगुती ड्राइव्ह सत्तर अंशांपर्यंतच्या वापरासाठी बनवलेले असतात. सत्तर ते पंच्याऐंशी यांच्या दरम्यान, ज्या त्या कंपनीने ठरवलेली मर्यादा आली, की नियंत्रक आपला वेग आपणच कमी करतो. काम थंडावले की अंग निवते, निवले की तो पुन्हा धावतो, पुन्हा तापतो. माझ्या तक्त्यावरचे चढउतार ते हेच. मला त्यावरून आमच्या शेतावरचे गडी आठवले. मे महिन्यात ते पहाटे कामाला लागत आणि दुपारी निंबाखाली टेकत. त्यांना कोणी आळशी म्हटले नाही. मी मात्र बिचाऱ्या ड्राइव्हला मरणपंथाला लावून मोकळा झालो होतो!

तथापि प्रत्येक संथपणा उष्णतेचा नसतो. "पहिल्यांदा वेग पडला, तो तापल्यामुळे नाही," असे चिरंजीवांनी बजावले. आलेला माल ड्राइव्ह आधी एका ओसरीवर झटपट उतरवून घेतो आणि मग सवडीने आतल्या खोल्यांत लावतो. ओसरी भरली की वेग मंदावणारच. त्यावर थंडाव्याचा उपाय चालत नाही. म्हणून आधी तापमान पाहावे आणि मगच निदान करावे. विंडोज ११ मध्ये अशा पुष्कळ ड्राइव्हचे तापमान सेटिंग्जमध्येच दिसते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखी विनामूल्य साधनेही आहेत.

शब्दाची चूक आणि मोरीचे तत्त्व

"पण मी तर हीटसिंक बसवला आहे!" मी थोडे रागानेच म्हणालो. खरेच होते ते. ड्राइव्ह मी स्वतःच, एक चित्रफीत पाहून, दोन दिवसांपूर्वी बसवला होता आणि त्यावर ॲल्युमिनियमची खाचाखाचांची पट्टीही लावली होती.

हीटसिंकला मराठीत उष्णताशोषक म्हणतात. माझ्या डोक्यात तोच शब्द होता. ही पट्टी टीपकागदासारखी उष्णता शोषून घेत असेल, मग काम संपले, अशी माझी समजूत. शब्दांचा धंदा करणाऱ्या माणसाला शब्दानेच फसवावे, याची मला नंतर मोठी मौज वाटली. सिंक म्हणजे खरे पाहता मोरी. मोरीत पाणी साठत नाही. ते वाहून जाते. पुढची वाट तुंबली तर कितीही मोठी मोरी काठोकाठ भरते. तद्वत हीटसिंक उष्णता नाहीशी करत नाही. चिपेकडून घेतो आणि हवेच्या हवाली करतो. हवेने ती पुढे नेली नाही, तर पट्टीही तापून स्वस्थ बसते.

एवढ्यात चहा घेऊन ही आली. चर्चा ऐकून म्हणाली, "अहो, यात एवढं काय आहे? चहा गरम लागला की तुम्ही बशीत ओतता आणि फुंकर घालता. तेच ना हे?"

अगदी तेच! कपातला चहा बशीत पसरला की हवेला भिडणारा त्याचा पृष्ठभाग वाढतो. हीटसिंकच्या उभ्या पाती तेवढ्यासाठीच असतात. फुंकर म्हणजे पंखा. फुंकरीवाचून बशीतला चहाही सावकाश निवतो, तसा पंख्यावाचून हीटसिंक.

चिरंजीवांनी संगणक बंद केला, वीजजोडणी काढली, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवली आणि ती पट्टी उचलली. पट्टी आणि चिप यांच्यामध्ये एक मऊ करडी गादी असते. दोन्ही पृष्ठभाग दिसायला सपाट, पण बारकाईने पाहिले तर खडबडीत. मध्ये हवा अडकते, आणि स्थिर हवा ही उष्णतेची वाट अडवणारी पक्की भिंत. ॲल्युमिनियममधून उष्णता हवेच्या हजारो पट सुलभतेने वाहते. मधल्या फटी बुजवून ही वाट जोडून देणे हे गादीचे काम.

त्या गादीवर एक पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा होता. तो सोलून मग पट्टी बसवायची असते. मी तो सोललाच नव्हता!

मोरीच्या तोंडाशीच बोळा बसवून मी दोन दिवस निश्चिंत होतो. चिरंजीव हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पापुद्रा निघाला, पट्टी बसली, आणि तेच काम चालू असता आकडा ६९ वर आला. मग पेटी टेबलाच्या बंद खणातून बाहेर काढली, पुढच्या जाळीवर साचलेला धुळीचा नमदा झाडला. आकडा ६२ वर आला. चिपेपासून गादी, गादीपासून धातू, धातूपासून हवा आणि हवेपासून पेटीबाहेर: यातला एक जरी सांधा तुंबला, तरी बाकीचे व्यर्थ.

"आणखी खाली नाही का येणार?" माझा लोभ सुटेना. खोलीच कूलरवाचून अडतीस अंश तापलेली. माठातले पाणी हवेपेक्षाही गार होते, कारण माठ पाझरतो आणि बाष्प होताना पाणी उष्णता घेऊन जाते. हीटसिंक पाझरत नाही. खोलीच्या हवेपेक्षा गार होणे त्याच्या हाती नाही. खोली दहा अंशांनी तापली की ड्राइव्हही साधारण तितकाच चढतो. म्हणून हिवाळ्यात सुरळीत चालणारा संगणक मे महिन्यात रडतो. शिवाय ड्राइव्हला बर्फासारखे गार करण्याची गरजही नाही. काम चालू असता साठवणाऱ्या चिपांना थोडी ऊब बाधत नाही; जपायचे ते नियंत्रकाला, तो मर्यादा ओलांडणार नाही एवढेच.

कोणाला हवा, कोणाला नको

वाचकांपैकी पुष्कळांना हीटसिंकसाठी वेगळा पैसा खर्चण्याचे कारण नाही. पत्रे लिहिणे, बिले भरणे, सिनेमा पाहणे एवढ्यापुरता संगणक असेल, तर ड्राइव्ह क्वचितच तापतो. चपट्या डबीच्या आकाराच्या जुन्या पद्धतीच्या ड्राइव्हला तर त्याची मुळीच जरुरी नाही. नव्या मदरबोर्डबरोबर बहुधा एक पट्टी येते. सात हजारांच्या वेगापर्यंत ती पुरते. चौदा हजारवाल्यांना मात्र चांगला हीटसिंक आवश्यकच. घरात सोनीचे प्लेस्टेशन ५ असेल आणि त्यात ड्राइव्ह वाढवायचा असेल, तर हीटसिंक असावाच असे खुद्द कंपनी सांगते. ड्राइव्हसकट त्याची एकूण उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत हवी.

लॅपटॉपमध्ये जागाच नसते; तेथे जाड पट्टी दडपून बसवू नये. त्यापेक्षा लॅपटॉप गादीवर वा उशीवर ठेवून वापरण्याची सवय सोडावी. ड्राइव्हवरचे लेबल उपटू नये. काही लेबलांत उष्णता पसरवणारा तांब्याचा थर असतो, आणि हमीही त्यावरच अवलंबून असते. स्क्रू बेताने आवळावा. पट्टी वाकली की काम बिघडले. आणि पापुद्रा सोलावा, हे मी सांगायला नकोच!

दुसरी प्रत

त्या संध्याकाळी सारा ऐवज सुखरूप उतरला. आम्ही तिघे अभ्यासिकेतच बसलो आणि आईची एक फीत लावली. ओवी म्हणता म्हणता मध्येच थांबून ती विचारते, "झालं का रे तुझं?" तो प्रश्न ऐकून बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग चिरंजीवांनी विचारले, "बाबा, याची दुसरी प्रत कुठे आहे?"

दुसरी प्रत नव्हती. दोन वर्षे आईचा आवाज एकाच पट्टीवर होता, आणि मी काळजी करत होतो ती वेगाची. हीटसिंक ड्राइव्हचे अंग निववतो. ड्राइव्ह चोरीला गेला, विजेच्या धक्क्याने जळाला, की तो काहीच करू शकत नाही.

दुसरी प्रत आम्ही साध्या हार्ड डिस्कवर घेतली. त्यालाही कारण आहे. विजेवाचून पडून राहिलेल्या सॉलिड स्टेट ड्राइव्हमधला कोंडलेला भार हळूहळू झिरपतो, आणि उष्णतेत लवकर झिरपतो. लिहिण्याचे आयुष्य संपलेल्या घरगुती ड्राइव्हने तीस अंशांत विजेशिवाय एक वर्ष मजकूर सांभाळावा, एवढीच उद्योगाच्या मानकाची अपेक्षा आहे. नवा ड्राइव्ह पुष्कळ अधिक टिकतो; तरी पत्र्याखालच्या तापलेल्या माळ्यावर तो वर्षानुवर्षे ठेवून विसरणे शहाणपणाचे नव्हे. अर्थात हार्ड डिस्कही अमर नाही. ती वर्षातून एकदा लावून, उघडून पाहावी.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी अकोल्याला ताईकडे गेलो. ओवाळून झाल्यावर तबकात नेहमीच्या पाकिटाबरोबर ती लहानशी डिस्क ठेवली. "हे काय रे?" ताईने विचारले. मी म्हणालो, "आई आहे. थंड जागी ठेव."

ताईने ती देवघराच्या खालच्या खणात ठेवली. दर भाऊबीजेला ती बाहेर निघते, आणि दिवे लागल्यावर आम्ही ऐकत बसतो.