अंगालगतचे कापड

दिवाळीच्या खरेदीच्या याद्या घरोघरी होतात. मुलांचे कपडे, सासूबाईंचे लुगडे, लेकीची साडी! काठ, पदर, रंग पारखण्यात दुकानात दोन-दोन तास सहज जातात. आतल्या कपड्यांचे नाव मात्र यादीत कोणी घालीत नाही. निघता निघता, खालच्या आवाजात "एक-दोन द्या हो" म्हणून जे हाती येईल ते पिशवीच्या तळाशी जाते. दिवसभर अंगाला लागून राहणाऱ्या कापडाचीच पारख आपण सर्वांत कमी करतो, हे नवल नव्हे काय?

आणि तेही परभणीसारख्या कापसाच्या जिल्ह्यात! ऐन दिवाळीच्या सुमारास येथल्या काळ्या रानांत वेचणी चालू असते आणि मानवत-सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्या येऊ लागतात. १९७२ साली परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात कापसाच्या वाणांवर संशोधन चालते. पण या कापसाच्या माहेरी राहणाऱ्या कित्येक भगिनी, पारा ४२ अंशांवर चढला तरी, केवळ झुळझुळीत दिसते म्हणून नायलॉनचे कपडे आत वापरतात.

साध्या हवेत सुती तंतू आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो. नायलॉन सुमारे ४ टक्के, तर पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. म्हणूनच सुती कापड घाम टिपते. कृत्रिम कापडाच्या घट्ट कपड्यात तो कातडीवरच राहतो आणि अशा दमट, उबदार जागी बुरशीचे फावते. जांघेतील खाज, गजकर्ण यांचे मूळ पुष्कळदा येथे असते. सुती कापड भिजले की लवकर वाळत नाही, एवढा एक दोष त्यातही आहे. तेव्हा उन्हाळ्यात ते दिवसातून दोनदा बदलणे उत्तम.

घेताना काय पाहावे? चिठ्ठीवर 'सुती' किंवा 'कॉटन' किती टक्के लिहिले आहे ते वाचावे. चड्डीला वरून लेस असली तरी चालेल, पण आतली मधली पट्टी सुतीच हवी. इलॅस्टिक कापडात मढवलेले असावे. कपडा उतरल्यावर कातडीवर खोल वळ उठत असतील तर माप चुकले असे समजावे. सुती कपडा पहिल्या धुण्यात थोडा आटतो, हेही ध्यानात ठेवावे. ब्रेसियर घेताना घरी टेपने माप घेऊन जावे. भार पाठीच्या पट्ट्याने पेलावा, खांद्यावरच्या बंदांनी नव्हे.

परकराच्या नाडीचीही गोष्ट सांगायलाच हवी. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकीगत दिली. वर्षानुवर्षे कमरेला करकचून बांधल्याने कातडी घासली गेली, न भरणारी जखम झाली आणि पुढे तिचा कर्करोग झाला. असे क्वचितच घडते. म्हणून घाबरू नये. पण बारीक दोरीऐवजी रुंद पट्टा घ्यावा, गाठ सैल ठेवावी आणि कमरेवरची जखम अंगावर काढू नये.

सर्वांत अवघड भाग आहे तो वाळवण्याचा! चांगले धुतलेले कपडे आपण साडीखाली, मोरीच्या कोपऱ्यात, कोणाच्या दृष्टीस पडू नयेत असे दडवतो. तेथे ते ओलसर राहतात आणि तसेच अंगावर चढतात. साबण पुरता निघेपर्यंत खळबळून हे कपडे स्वच्छ उन्हात घालावेत. गच्चीवर पुरुषांचे गंजीफ्रॉक बिनदिक्कत वाळतात, मग यांनीच कोणते पाप केले आहे?

वयात येणाऱ्या मुलीला आईने हे सारे मोकळेपणाने सांगावे. खाज, पुरळ किंवा जखम झाली तर ती लपवायची नसते, डॉक्टरांना दाखवायची असते, हेही तिला त्याच वेळी कळू द्यावे. लाजेपायी सोसलेल्या दुखण्याचा वारसा तरी लेकीला देऊ नये.