पौष पौर्णिमेला पावशा? थेट प्रक्षेपणातली पाखरं

विषय वाचून दोन-तीन जणांनी आधीच विचारलं, की पक्ष्यांच्या व्याख्यानात बैलगाडा कुठून आला? सांगतो.

आमच्या जुन्नर-आंबेगावात खेळाचं थेट प्रक्षेपण म्हटलं की क्रिकेटच्या खालोखाल लोक बैलगाडा शर्यत बघतात, कदाचित क्रिकेटच्याही वर. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता गावोगावच्या यात्रांतल्या बाऱ्या मोबाइलवर थेट दिसतात, आणि कामधंद्याला मुंबई-पुण्यात असलेली गावाकडची माणसं त्या बघतात. घाट, पुढे पळणारी घोडी, उधळलेला भंडारा, निवेदकाचं "भिर्रर्र". आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी पाखरं बोलत असतात. पक्षी बघायचं वेड लागलेली आमच्यासारखी माणसं नेमकी ती मागची पाखरं ऐकत बसतात. घरचे म्हणतात, अरे बारी बघा की! पण कानाला सवय लागली की सुटत नाही.

या सवयीने एकदा एका बड्या कंपनीला कबुली द्यायला लावली होती. गोष्ट अमेरिकेतली, २००० सालची. सीबीएस ही वाहिनी गोल्फचे सामने दाखवत होती. गोल्फ हा शांत खेळ. खेळाडू चेंडूला मारायच्या आधी सगळे गप्प, आणि त्या शांततेत छान पक्षी गाताना ऐकू येत. घरी बसलेल्या काही पक्षीनिरीक्षकांच्या लक्षात आलं, की हे पक्षी त्या भागात त्या ऋतूत असतच नाहीत. त्यांनी ते बोलून दाखवलं, आणि शेवटी वाहिनीने मान्य केलं, की वातावरणनिर्मितीसाठी पक्ष्यांचे आधी रेकॉर्ड केलेले आवाज आम्ही वरून मिसळले. सामना खरा, खेळाडू खरे, स्कोअर खरा, आणि झाडावरचा पक्षी मात्र टेपवरचा.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? सिनेमात तर हेच चालतं. बरोबर आहे. हॉलिवूडच्या जुन्या जंगलपटांत आफ्रिकेच्या जंगलात ऑस्ट्रेलियाचा कूकाबुरा हसतो. पडद्यावर दिसतो बाल्ड ईगल आणि आवाज असतो रेड-टेल्ड हॉक या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याचा, कारण ईगलचा स्वतःचा आवाज अगदी किरकिरा, त्याच्या रुबाबाला न शोभणारा. आपल्याकडेही जंगल दाखवायचं झालं की मोराचा केकारव टाकला की काम झालं. पण सिनेमा 'हे थेट आहे' असं म्हणत नाही. प्रक्षेपण म्हणतं. आमच्या मते फरक एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

बरं, हे लोक असं करतात तरी का? लबाडी हे एकच कारण नसतं. मैदानावरचा माइक जे हवं ते उचलतोच असं नाही. ऑलिम्पिकच्या ध्वनिरचनेवर अनेक वर्षं काम केलेले डेनिस बॅक्स्टर यांनी सांगितलं आहे, की नौकानयनाच्या शर्यतीत वर हेलिकॉप्टर आणि मागे मोटारबोटी असल्याने वल्ह्यांचा आवाज मिळतच नाही. मग आधी टिपून ठेवलेला वल्ह्यांचा आवाज लावला जातो. २०२० ची आयपीएल तुम्ही पाहिलीच असेल. अमिरातीत, रिकाम्या मैदानांवर. प्रेक्षकांचा जल्लोष रेकॉर्ड केलेला होता. पण ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे कुणी फसलं नाही.

आपल्याकडे सगळ्यात मोठं कारण आहे ड्रोन. बहुतेक ड्रोनला माइक नसतो, आणि असता तरी पंख्यांच्या घरघरीपलीकडे काही आलं नसतं. म्हणजे शिवनेरीवरून, डिंभे धरणावरून किंवा शर्यतीच्या घाटावरून ड्रोन फिरवला की चित्र मिळतं, पण मुकं. आवाज लावावाच लागतो. एडिटिंग करणारा पोरगा इंटरनेटवर 'सकाळ, पक्षी, फुकट' असं काहीतरी शोधतो आणि पहिली फाइल उचलतो. त्यातल्या कित्येक फाइल युरोप-अमेरिकेत टिपलेल्या. मग सह्याद्रीच्या कड्यावर ब्लॅकबर्ड किंवा रॉबिन गातो, अन् कुणाला पत्ता नसतो.

आता मुख्य मुद्दा, हे ओळखायचं कसं? पहिली कसोटी ऋतूची, आणि ती सगळ्यात भरवशाची. आंबेगावात नागापूरच्या थापलिंग गडावर खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते, म्हणजे साधारण जानेवारीत. गावोगावच्या बहुतेक यात्रा चैत्र-वैशाखात. या दोन हंगामांत पाखरांचा आवाज पार बदलतो. चैत्रात कोकीळ कोकलतो, तांबट ठोके देत असतो, आणि पावशा 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' म्हणत सूर चढवत नेतो. पौषात कोकीळ आणि पावशा इथेच असतात, पण जवळजवळ मुके. म्हणून थापलिंगच्या चित्रफितीत पावशा कंठ फुटेस्तोवर ओरडत असेल तर कान टवकारा. चातकाचं तर आणखी सोपं. तो आफ्रिकेतून पावसाबरोबर येतो, जूनच्या आसपास. हनुमान जयंतीच्या यात्रेत चातक ऐकू आला, तर तो फाइलमधून आलाय असं समजायला हरकत नाही.

दुसरी कसोटी जागेची. शीळकरी कस्तूर, तो शाळकरी पोरासारखी आळसावलेली शीळ घालणारा, हा ओढ्यांचा आणि दाट झाडीचा पक्षी. पावसाळ्यात भीमाशंकरला किंवा माळशेज घाटात तो मनसोक्त गातो. मंचरच्या उसाच्या पट्ट्यात, भर चैत्रात, त्याचं काय काम? उलट टिटवी ऐकू आली तर अजिबात शंका घेऊ नका. माणसांची गर्दी जमली की ती ओरडणारच, तिची अंडी उघड्यावर असतात.

तिसरी कसोटी आवाजाच्या पोताची. खरा पक्षी आजूबाजूच्या गोंगाटात मिसळलेला असतो. वारा आला की दबतो, ताशा वाजला की गप्प होतो किंवा उडून लांबून बोलतो. वरून लावलेला पक्षी माणसांच्या ओरडण्याने विचलित होत नाही. शिवाय फाइल छोटी असते, ती पुन्हा पुन्हा फिरते, त्यामुळे तीच लकेर, तेवढ्याच अंतराने, मागच्या त्याच किड्याच्या किरकिरीसकट परत येते. हे घड्याळ लावून तपासता येतं. आवाजाचा आलेख काढणारी फुकटची साधनं आहेत, त्यात दोन लकेरी हुबेहूब एकसारख्या दिसल्या की विषय संपला. मात्र तांबटाच्या बाबतीत ही कसोटी सांभाळून वापरा. तो पठ्ठ्या मुळातच यंत्रासारखा टुक-टुक करतो. एकसारखेपणा बघून त्याला खोटा ठरवाल, आणि तो समोरच्या वडावर बसलेला असेल.

फसायच्या आणखी जागा आहेत. कोतवाल शिक्र्याची नक्कल करतो. हरेवा तर पाच-सात पक्ष्यांचे आवाज एका दमात काढतो. नारायणगावच्या बाजूला काही द्राक्षबागांत पाखरं हाकलायला यंत्रावर शिकारी पक्ष्यांचे आवाज लावतात, ते माइकमध्ये खरोखरच येऊ शकतात. आवाज रेकॉर्ड केलेला, पण प्रक्षेपण प्रामाणिक! आणि पक्षी ओळखणाऱ्या ॲपवर डोळे झाकून विसंबू नका. ते ठिकाण आणि तारीख बघून शक्यता ठरवतं, त्यामुळे परदेशी पाहुण्याला जवळच्या एखाद्या देशी पक्ष्याचं नाव देऊन मोकळं होतं. आणि आवाज त्या जागेवरचा की वरून लावलेला, हे त्याला कळायला मार्गच नाही.

आता या सगळ्याने बिघडतं काय, ते सांगतो. बेल्जियममध्ये 'टूर ऑफ फ्लँडर्स' ही सायकल शर्यत दरवर्षी वसंतात होते. गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८१ ते २०१६ पर्यंतच्या तिच्या प्रक्षेपणांच्या जुन्या चित्रफिती काढल्या आणि सायकलस्वार सोडून रस्त्याकडेची झाडं बघितली. ऐंशीच्या दशकात शर्यतीच्या दिवशी झाडं जवळपास उघडी असायची, अलीकडे बऱ्याच झाडांना पालवी आलेली दिसते. हवामान कसं बदललं याचा पुरावा खेळाच्या चित्रफितीत पडून होता. टिपणाऱ्याला त्याची कल्पनाही नव्हती.

तसा पुरावा आपल्याकडे आवाजाचा आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे, आणि पूर्वेकडच्या माळरानावर पाणी आलं. माळाच्या जागी ऊस उभा राहिला. उसाबरोबर बिबट्या आला हे सगळे जाणतात, त्यावर व्याख्यानंही झाली. पण चंडोलाच्या जागी वटवट्या कधी ऐकू यायला लागला, माळटिटवी कोणत्या गावातून कधी गेली, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. शर्यतीचे घाट मात्र पिढ्यान् पिढ्या त्याच जागी आहेत. एकच जागा, दरवर्षी तीच तिथी, आणि तासन् तास चालू राहिलेला माइक. संशोधकाने मागून मिळणार नाही असा हा साठा. त्यात एकाने हौसेने 'सकाळचे पक्षी' मिसळले, की वीस वर्षांनी ऐकणारा गोंधळणार. अन् एक फाइल खोटी निघाली की तो बाकीच्यांवरही विश्वास ठेवणार नाही.

खोडदची दुर्बीण तुम्हाला माहीत आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातले अतिशय क्षीण रेडिओ संकेत ऐकतात, आणि तिथल्या लोकांचा बराच वेळ हा संकेत आकाशातला की माणसाने केलेला, एवढंच ठरवण्यात जातो. आपलं काम त्याच जातीचं, फक्त साधन म्हणजे कान.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आला आहे: "निवेदक आणि स्पीकर एवढे दणाणत असताना पाखरं ऐकू तरी येतात का?" बारी चालू असताना नाही येत. पण एक गाडा वर गेला, दुसरा जुंपायचा आहे, असा मधला वेळ असतो. निवेदक पाणी प्यायला थांबतो. तेवढी मिनिटं ऐका. आणि प्रक्षेपण करणारी मुलं ओळखीची असतील तर त्यांना सांगा, ड्रोनच्या चित्राला हवं ते संगीत लावा, पण घाटावरच्या माइकचा मूळ आवाज वेगळा सांभाळून ठेवा, वर गाव आणि तारीख लिहा. आम्ही काहींना सांगितलंय. ती हसली, पण एकाने पेन ड्राइव्ह दिला.