पाकिटावरचे पाच पैसे

नोव्हेंबर 1971 च्या मध्यापासून करकंबहून सोलापूरला साधं पाकीट धाडायचं म्हटलं तरी नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट लावावं लागे. ते पैसे निर्वासितांसाठी होते. सुरुवातीला तर कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच निर्वासित मदतीची अक्षरं छापून काम भागवलं गेलं.

पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीतून जीव वाचवून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली होती. त्रिपुरात तर तिथल्या लोकसंख्येच्या जवळपास तितकीच. तेव्हा गरीब शेजारी आपणच होतो.

अशा वेळी पहिला घास सीमेवरचं गाव देतं. शाळा उघडतात, ओसऱ्या भरतात. मग सरकार तंबू आणि धान्य पाठवतं. जग येतं ते त्यानंतर, तेही मागितल्यावर. भारताने एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली. सरचिटणीस ऊ थांट यांनी सगळ्या संस्थांचा मेळ घालण्याचं काम निर्वासितविषयक उच्चायुक्त सद्रुद्दीन आगा खान यांच्याकडे सोपवलं. उच्चायुक्तांच्या कार्यालयाला कर बसवता येत नाही. ते आवाहन करतं आणि देश आपल्या मर्जीने देतात. कबूल केलेली रक्कम आणि हातात पडलेली रक्कम यांत अंतर राहतं, आणि ते यजमान देशाच्या खिशातून भरून निघतं. ते पाच पैसे त्यातलेच.

छावणीत आधी नोंदणी होते. नाव चढलं की शिधापत्रिका, आणि तिच्यावर धान्य. पण खरी कसोटी पाण्याची. आज माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी आणि 20 माणसांमागे एक शौचालय असं मानक आहे. दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्याला 15 लिटर म्हणजे किती, हे सांगायला नको.

पाणी आणि स्वच्छता ढासळली की पटकी येते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत ती आली, तेव्हा सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पुडी पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. पाजणारे बहुतेक नातेवाईकच होते. मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. जुलाब झाल्यावर आपण मुलांना मीठ-साखरेचं पाणी देतो, त्या उपचाराची ताकद जगाला पटली ती या छावणीत. एवढं मोठं काम इतक्या स्वस्तात क्वचितच झालं असेल.

मदतीचा एक भाग मात्र कायम राहून जातो. छावणीशेजारच्या गावात मजुरी घसरते, सरपण संपतं, धान्य महागतं. फक्त तंबूतल्यांना शिधा मिळाला तर ओसरी देणाराच उद्या दार लावतो. म्हणून विहीर, दवाखाना, शाळा दोघांसाठी एकत्र उभी राहिली पाहिजे.

एप्रिल 2023 पासून सुदानच्या युद्धातून लाखो माणसं शेजारच्या चाडमध्ये गेली आहेत, आणि चाड जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक आहे. निर्वासितांसाठी कुणी मदत मागितली, तर ती त्यांना आसरा देणाऱ्या गावापर्यंतही जाणार का, हे विचारा आणि मग जरूर द्या.