श्वासाला फळांचा वास का येतो?

तुमचा एखादा मित्र काही दिवस सारखा पाणी पितो आहे, वरचेवर लघवीला जातो आहे, जेवूनही वाळत चालला आहे. आज त्याचे पोट दुखते आहे, उलट्या होत आहेत. घरची मंडळी म्हणतात, "काहीतरी बाधले असेल." पण तो नुसता पडून असतानाही खोल, भराभर श्वास घेतो आहे, आणि त्या श्वासाला उतरलेल्या फळांसारखा वास येतो आहे. हे नुसते पोटाचे दुखणे नव्हे!

शरीरात इन्शुलिन नसले, की रक्तात साखर भरपूर असूनही स्नायूंना ती घेता येत नाही. मग चरबी जळू लागते. यकृतात तिच्यापासून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्ल होऊ लागते. थोड्या कीटोनांचे अ‍ॅसिटोन बनते. नखांचा रंग पुसायला वापरतात तेच हे! ते श्वासावाटे बाहेर पडते. (काहींच्या नाकाला हा वास कळतच नाही, वास नाही म्हणून निर्धास्त राहू नका.) आम्लता कमी करण्यासाठी फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड झपाट्याने बाहेर टाकतात. म्हणून तो खोल श्वास. जर्मन डॉक्टर कुसमाउल यांनी १८७४ साली त्याचे वर्णन केले, पण उपाय हाती नव्हता. तो जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत मिळाला. १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला शुद्ध केलेले इन्शुलिन टोचताच त्याच्या लघवीतले कीटोन नाहीसे झाले.

अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. मोठ्यांना लगेच रुग्णालयात न्यायला सांगा. तेथे शिरेतून सलाइन व इन्शुलिन देतात. आणि मधुमेह असलेले मूल आजारात जेवले नाही, म्हणून त्याचे इन्शुलिन परस्पर बंद करायचे नसते; किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारायचे.